पट्टा ८४ दाखवतो तेव्हा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वडील ६८ वर्षांचे, सांगलीजवळच्या गावात आईबरोबर राहतात, सीओपीडीचं (श्वासनलिका अरुंद होऊन कायमची धाप लागणारा फुफ्फुसांचा आजार) निदान होऊन चार वर्षं झाली, आणि तुम्ही नोकरीसाठी पुण्यात. त्यांच्यासाठी ईएसपी ३२ हा छोटा संगणक-बोर्ड, ऑक्सिजन आणि नाडी मोजणारा मॅक्स ३०१०२ सेन्सर, ईसीजीसाठी एडी ८२३२ आणि तापमानाचा सेन्सर असं सगळं जोडून तुम्ही मनगटावर बांधायचा पट्टा करताय. आकडे मोबाइलवर येतात, पण स्वतःच्या हातावर तपासताना ऑक्सिजन घडीत ९७ तर घडीत ८४, आणि शांत बसून नाडी १४०. 'सेन्सर खराब आहे का? याहून चांगला कुठला घेऊ?' असं तुम्ही विचारलंय. शिवाय जमलं तर गावातल्या आणखी चार-पाच जणांना असेच पट्टे करून द्यायचा तुमचा विचार आहे.

मी बायोमेडिकल इंजिनियर आहे. १८ वर्षं रुग्णालयांतले मॉनिटर दुरुस्त करते, तपासते, आणि घरच्या टेबलावर असे पट्टे बनवायलाही आता बरीच वर्षं झाली. तुमचा सेन्सर बहुधा ठीक आहे. नवा घेतलात तरी तो हेच आकडे देईल. खरी अडचण अशी की तुमचा पट्टा पुष्कळ वेळा नाडी मोजतच नाहीये, आणि आपण नाडी मोजत नाही आहोत हे त्याला कळत नाही. त्यामुळे तो काहीतरी आकडा दाखवत राहतो.

८४ कुठून येतो ते आधी बघू, कारण तो आकडा उगाच आलेला नाही. मॅक्स ३०१०२ मध्ये दोन दिवे असतात, ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ८८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. पण प्रकाश त्वचा, स्नायू, हाड, शिरा सगळीकडेच शोषला जातो, मग त्यातलं धमनीचं रक्त ओळखायचं कसं? जपानमधल्या निहॉन कोडेन कंपनीत ताकुओ आओयागी रंगद्रव्य टोचून हृदयाची क्षमता मोजायचा प्रयत्न करत होते, तेव्हा नाडीच्या ठोक्यांनी त्यांचा आलेख सारखा हलायचा. ते हलणं काढून टाकायच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आलं की ठोक्यासरशी बदलतो तो भाग धमनीच्या रक्ताचाच. १९७४ साली त्यातून पल्स ऑक्सिमीटर जन्माला आला. आजही आपण तेच करतो. लाल प्रकाशाचा हलता भाग भागिले स्थिर भाग, इन्फ्रारेडचंही तसंच, आणि मग या दोन अपूर्णांकांचं गुणोत्तर. ढोबळ सूत्र आहे ११० वजा २५ गुणिले गुणोत्तर. गुणोत्तर अर्धा असेल तर ९७.५, आणि १ असेल तर ८५.

आता हात हलला की काय होतं बघा. सेन्सर त्वचेवरून किंचित सरकतो आणि दोन्ही प्रकाश साधारण सारख्याच प्रमाणात कमी-जास्त होतात. सारख्याच प्रमाणात म्हणजे गुणोत्तर १ च्या जवळ. म्हणजे हात हलवला, पट्टा सैल पडला, ऊन शिरलं, की सूत्रातून ८५ च्या आसपासचा आकडा बाहेर पडतो. काही लायब्रऱ्यांत, म्हणजे सेन्सरसाठीच्या तयार कोडमध्ये, वक्र समीकरण वापरतात, त्यात १ ला ८० येतात. तुमचा ८४ हा रक्तातला ऑक्सिजन नाही, हालचालीचा आकडा आहे. रुग्णालयातसुद्धा बोटाची क्लिप निसटत असली की मॉनिटर ऐंशीच्या घरात घुटमळतो, आणि जुन्या परिचारिका आधी बोटाकडे बघतात, मग पडद्याकडे.

१४० ची गोष्ट वेगळी. नाडीच्या लहरीला एक मोठा उंचवटा असतो आणि उतारावर एक छोटा. महाधमनीची झडप बंद होते तेव्हा एक खळगा पडतो, त्यानंतरचा तो उंचवटा. तुमचा कोड दोन्ही मोजतोय, म्हणून ७० चे १४० झाले. पक्कं करायचं असेल तर मनगटाची नाडी बोटांनी दाबून मिनिटभर मोजा, बरोबर निम्मी येईल. यावर लोक पटकन उपाय करतात की एका ठोक्यानंतर ठराविक वेळ दुसरा मोजायचाच नाही. तो चालतो, पण तुम्ही स्वतःवर तपासताय आणि पट्टा वडिलांच्या हातावर जाणार आहे. वयानुसार धमन्या ताठ होतात आणि तो दुसरा उंचवटा पुसट होत जातो. त्यांची लहर तुमच्यासारखी नसेल. म्हणून उंचवटे मोजण्यापेक्षा आठ-दहा सेकंदांची लहर स्वतःवरच सरकवून ती किती अंतराने जुळते ते काढा. त्याला ऑटोकोरिलेशन म्हणतात, आणि ईएसपी ३२ ला ते सहज झेपतं.

सॅम्पलिंगही, म्हणजे सेकंदाला किती नमुने घेतले जातात तेही, तपासा. लायब्ररीसोबत येणारं उदाहरण बहुतेक जण जसंच्या तसं वापरतात. त्यात सेकंदाला २५ नमुने आणि एका वेळी चार सेकंदांचीच लहर मोजली जाते. दोन नमुन्यांत ४० मिलिसेकंदांचं अंतर पडतं, म्हणून नाडी ७१, ७५, ७९ अशा उड्या मारते. सेकंदाला १०० नमुने घ्या.

आता जागा. मनगट ही ऑक्सिजन मोजायला अवघड जागा आहे. तिथे त्वचेखाली केशवाहिन्यांचं जाळं विरळ असतं, हाडं आणि स्नायुबंध जवळ असतात, आणि नाडीमुळे हलणारा प्रकाशाचा भाग फार लहान असतो. बोटाच्या पेरावर तोच भाग कितीतरी पटींनी मोठा मिळतो. बाजारातली घड्याळं मनगटावर नाडीसाठी हिरवा प्रकाश वापरतात ते याचसाठी, पण तुमच्या मॉड्यूलवर हिरवा दिवाच नाही. माझं मत स्पष्ट आहे: सर्किट आणि सेल मनगटावर ठेवा, सेन्सर पातळ लवचिक वायरने बोटाच्या पेरावर आणा, मऊ वेल्क्रोने बांधा, वरून काळं कापड घाला. घट्ट बांधू नका. पेर पांढरं पडलं तर रक्तच अडवलंत असं समजा. नुसताच सैलसर धरून ठेवलात तर हलणार. बांधल्यावर बोटाला स्वतःची नाडी जाणवायला लागण्याच्या किंचित अलीकडे थांबायचं, हा अंदाज दोन-तीन दिवसांत हाताला येतो.

दिव्याचा प्रवाहही माणसागणिक बदलावा लागतो. या चिपमध्ये तो ०.२ मिलिअँपच्या पायऱ्यांनी ५१ मिलिअँपपर्यंत वाढवता येतो. लायब्ररीत ठरवून दिलेला प्रवाह साधारण सहाच्या आसपास असतो. सेन्सरकडून येणारा १८ बिटांचा आकडा जास्तीत जास्त २,६२,१४३ होतो. स्थिर भाग त्याच्या निम्म्याच्या आसपास राहील इतका प्रवाह ठेवा. वर टेकला की लहरीचा माथा कापला जातो, आणि फार खाली राहिला की लहर नॉइजमध्ये बुडते. पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून आणखी मॉड्यूल घेणार असाल तर एक बघून घ्या: काही स्वस्त बोर्डांवर डेटा लाइनचे पुल-अप रेझिस्टर (लाइनचा व्होल्टेज वर धरून ठेवणारे) १.८ व्होल्टला जोडलेले असतात. ईएसपी ३२ ला 'हाय' समजायला साधारण अडीच व्होल्ट लागतात, म्हणून सेन्सर कधी सापडतो, कधी सापडत नाही. ते रेझिस्टर काढून ३.३ व्होल्टला ४.७ किलोओहमचे लावले की त्रास संपतो.

इथवर जे सांगितलं ते कुणीही हुशार विद्यार्थी महिनाभरात करेल. यापुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

माझ्या मावशीला दम्याचा जुना त्रास होता. तिच्यासाठी मी असाच एक पट्टा केला होता. छान चालायचा. एका रात्री तिला धाप लागली. मावसभावाने पट्ट्याकडे पाहिलं, ९६ होते. 'आकडा चांगला आहे, सकाळी नेऊ' असं त्याने ठरवलं. पहाटेपर्यंत ती बसूनच राहिली. रुग्णालयात नेलं तेव्हा तिचा ऑक्सिजन खूप खाली गेलेला होता. ती त्यातून बरी झाली. नंतर मी पट्ट्यातल्या नोंदी काढून पाहिल्या. तो ९६ दोन तासांपूर्वीचा होता. सेन्सर बोटावरून सरकला होता, नवी मोजणी येत नव्हती, आणि पडदा सारखा लुकलुकू नये म्हणून शेवटचा चांगला आकडा तसाच ठेवायची ओळ मी स्वतः लिहिली होती. चूक सेन्सरची नव्हती, माझ्या त्या एका ओळीची होती.

तेव्हापासून मी पट्टा एकाच गोष्टीवरून जोखते: तो कधी गप्प बसतो. आकडा दाखवणं सोपं आहे. 'मला आत्ता माहीत नाही' असं योग्य वेळी सांगणारा पट्टा करणं अवघड आहे, आणि घरच्या माणसाच्या अंगावर चढवायचा असेल तर तेवढंच पुरेसं असतं.

म्हणून आकडा पडद्यावर येण्याआधी त्याला काही दारं पार करायला लावा. स्थिर प्रकाश ठरलेल्या मर्यादेत आहे का, म्हणजे बोट खरंच सेन्सरवर आहे का. नाडीमुळे हलणारा भाग स्थिर भागाच्या निदान ०.३ टक्के तरी आहे का. एमपीयू ६०५० सारखा हालचालीचा सेन्सर गेले दहा सेकंद शांत होता का. लाल आणि इन्फ्रारेड लहरी एकमेकींसारख्या दिसतात का. यातलं एकही दार बंद असेल तर आकड्याच्या जागी आडवी रेघ, आणि खाली कारण: 'बोट नाही', 'हात हलतोय', 'नाडी पुसट, हात गरम करा'. आकड्याशेजारी तो किती मिनिटांपूर्वीचा आहे ते नेहमी लिहा, आणि दहा मिनिटं झाली की तो पुसून टाका. हे उंबरठे माझ्या हातच्या यंत्रांवर बसवलेले आहेत, तुमच्या यंत्रावर थोडे हलवावे लागतील.

एक दार मात्र मुद्दाम उघडं ठेवा. बरेच जण 'दोन ठोक्यांमधलं अंतर फार बदललं तर मोजणी रद्द' असा नियम घालतात. वडिलांच्या वयात नाडी मुळातच अनियमित असू शकते, आणि तसं असेल तर तुमचा पट्टा नेमका तेव्हाच कायमचा मुका होईल. अनियमितता दिसली की रद्द करू नका, नोंद करा, आणि तशा नोंदी वारंवार आल्या तर डॉक्टरांना सांगून रीतसर ईसीजी काढून घ्या.

आता तुमच्या हातात नसलेली बाब. मोबाइलवर घंटा कितीला वाजवायची? तुम्ही ९४ लिहिलंय. सीओपीडीच्या माणसाला तो आकडा लागू होईलच असं नाही. या आजारात काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि त्यांना बाहेरून ऑक्सिजन देताना डॉक्टर पातळी मुद्दाम ८८ ते ९२ मध्येच ठेवतात, कारण जास्त ऑक्सिजनने त्यांचा कार्बन डायऑक्साइड आणखी वाढू शकतो. वडिलांना घरी ऑक्सिजन लावलाय का ते तुम्ही लिहिलेलं नाही. लावला असेल तर ९० दिसल्यावर आईने घाबरून कॉन्सन्ट्रेटरचा, म्हणजे घरी ऑक्सिजन देणाऱ्या यंत्राचा, प्रवाह वाढवणं हा तुमच्या पट्ट्यातून निघणारा सर्वांत मोठा धोका आहे. पुढच्या तपासणीला स्वतः जा आणि डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: यांची नेहमीची पातळी किती, कितीला तुम्हाला फोन करायचा, कितीला थेट रुग्णालय गाठायचं. ते आकडे कागदावर लिहून भिंतीवर लावा. त्या कागदावर सर्वांत वर एक ओळ हवी: धाप वाढली, ओठ निळसर झाले, बोलता बोलता वाक्य तुटायला लागलं किंवा गुंगी आली, तर कुठलाही आकडा न बघता निघायचं.

या निर्णयांसाठी बोटाचा एक चांगला ऑक्सिमीटर विकत घ्या. कारण आपलं घरचं यंत्र आपण खरं कॅलिब्रेट करू शकत नाही. कंपन्या निरोगी स्वयंसेवकांना प्रयोगशाळेत कमी ऑक्सिजनची हवा देतात, पातळी ७० टक्क्यांपर्यंत उतरवतात, आणि प्रत्येक टप्प्यावर धमनीतलं रक्त काढून ताडून बघतात. घरी तुमच्या पट्ट्याने ९७ आणि विकतच्याने ९७ दाखवलं तर खाली ८७ ला दोघं जुळतील याचा तो पुरावा नाही. श्वास रोखून तपासायचा प्रयत्न स्वतःवरही करू नका, वडिलांवर तर मुळीच नाही. शिवाय विकतच्या यंत्रालाही मर्यादा आहेत. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की ऑक्सिमीटर चांगला आकडा दाखवत असताना प्रत्यक्ष रक्तात ऑक्सिजन कमी असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. त्वचेतलं रंगद्रव्य प्रकाश शोषतं. आपल्याकडच्या सावळ्या हातांना हे लक्षात ठेवायलाच हवं.

मग स्वतःचा पट्टा करायचाच कशाला? करायचा, पण जे काम तो चोख करेल त्यासाठी. माझ्या मते तुमच्या सगळ्या यादीत सर्वांत उपयोगी सेन्सर तुम्ही लिहिलेलाच नाही, तो हालचालीचा. बाबा आज किती वाजता उठले, अंगणापर्यंत गेले का, रात्री किती वेळा उठून बसले, पावलं मागच्या आठवड्यापेक्षा कमी झाली का. दम वाढायला लागला की माणूस नकळत चालणं कमी करतो, आणि फोनवर मुलाला 'बरं आहे' म्हणतो. पावलांचा आलेख तसं म्हणत नाही. त्याच्या जोडीला रोज सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीची नाडी. एकेका आकड्याला फार अर्थ नाही, पण दहा दिवसांची रेघ चढायला लागली तर फोन करायला कारण मिळतं.

एडी ८२३२ या पट्ट्यातून काढून टाका. त्याला छातीवर किंवा हातापायांवर तीन इलेक्ट्रोड लागतात, ते रोज चिकटवणं वडिलांना जमणार नाही आणि ५० हर्ट्झची गुणगुण सगळीकडून शिरेल. शिकण्यासाठी वेगळा बसवून बघा, फार सुंदर चिप आहे. पण इलेक्ट्रोड अंगाला लागलेले असताना सर्किट फक्त बॅटरीवर हवं. चार्जरला लावलेल्या लॅपटॉपला यूएसबीने जोडलेलं तर कधीच नको, आकडे ब्लूटूथवरून घ्या. तापमानाचा सेन्सरही काढा, मनगटाची त्वचा हवेनुसार थंड-गरम होते, तिच्यावरून ताप कळत नाही. काखेतला साधा थर्मामीटर बरा.

सेलबद्दल मी जरा कडक आहे. तुमच्या फोटोत टीपी ४०५६ चं चार्जिंग मॉड्यूल दिसतंय आणि सेल ४०० मिलिअँप-अवरचा. या मॉड्यूलवर कारखान्यातून १.२ किलोओहमचा रेझिस्टर येतो, म्हणजे चार्जिंग १ अँपने. एवढ्या लहान सेलला ते अडीच पट जास्त आहे. सेल गरम होतो, फुगतो, आणि तो वडिलांच्या मनगटावर असणार आहे. तो रेझिस्टर काढून ५ किलोओहमचा लावा, म्हणजे प्रवाह २५० मिलिअँपवर येईल. १० किलोओहमचा लावलात तर १३०, आणि मला तोच आवडतो. संरक्षण सर्किट असलेलाच सेल घ्या, डब्यात त्याला फुगायला मिलिमीटरभर जागा ठेवा, टोकदार सोल्डर त्याच्या बाजूला नको. आणि आईला सांगून ठेवा: चार्जिंगला लावताना पट्टा हातातून काढायचाच.

सतत रेडिओ (वायफाय किंवा ब्लूटूथ) चालू ठेवलात तर ईएसपी ३२ सरासरी ८० ते १०० मिलिअँप खातो, सेल चार-पाच तासांत संपेल. पण सतत मोजायची गरजच नाही. दर १५ मिनिटांनी एक मिनिट जागा होऊन मोजा, बाकी वेळ डीप स्लीप, म्हणजे बोर्ड जवळजवळ बंद. सरासरी सहा मिलिअँपच्या आसपास येते, म्हणजे दोन दिवस निघतात. पावलं मोजायला हालचालीचा सेन्सर मात्र जागाच ठेवावा लागेल. एमपीयू ६०५० नुसत्या अ‍ॅक्सिलरोमीटरवर चालवला तर फार कमी खातो. आकडे पट्ट्यातच साठवा आणि राउटरजवळ ठेवलेल्या दुसऱ्या ईएसपी ३२ कडे ब्लूटूथने पाठवा. गावात वीज गेली तरी नोंदी हरवणार नाहीत. शिकण्यासाठी असलेल्या खुल्या सार्वजनिक सर्व्हरवर वडिलांची माहिती टाकू नका, तिथे ती कुणीही वाचू शकतो.

म्हाताऱ्या माणसांची त्वचा पातळ असते. सेन्सरचं बोट रोज बदला, पट्ट्याची आतली बाजू सुती ठेवा, घामाचं मीठ पिना खातं म्हणून सोल्डरवर पारदर्शक लेप द्या, फक्त दिव्याच्या काचेवर तो जाऊ देऊ नका.

गावातल्या इतरांना करून द्यायचं म्हणाल, तर माझा सल्ला नको असा आहे. ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने, त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून, आपल्याकडे सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली. विकण्या-वाटण्यासाठी ती बनवायला वैद्यकीय उपकरण नियम २०१७ प्रमाणे परवाना लागतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी, तुमच्या वडिलांच्या पट्ट्यामागे तुम्ही आहात, आडवी रेघ दिसली की फोन करणारे. शेजारच्या काकूंच्या पट्ट्यामागे कोण असेल? त्यांना चांगला ऑक्सिमीटर कसा वापरायचा ते शिकवा: पाच मिनिटं शांत बसून, हात गरम करून, बोट मिनिटभर न हलवता, आकडा स्थिर झाल्यावरच वहीत लिहायचा. त्याचा उपयोग पट्ट्यापेक्षा जास्त होईल.

एवढं केल्यावरही आकडे उड्या मारत असतील तर मला गणित झालेले आकडे नकोत. बोटावर सेन्सर बांधून ३० सेकंद हात स्थिर, पुढचे ३० सेकंद हात हलवत, अशी लाल आणि इन्फ्रारेडच्या कच्च्या नमुन्यांची फाइल पाठवा, आणि सोबत त्याच वेळी बोटांनी मोजलेली नाडी लिहा. ती लहर बघितली की पुढचं बोलता येईल.